फॉर्म मराठी नोंदी नाकारतो, नाहीतर गुपचूप बदलतो: कुठून तपासायचं

लक्षणं

यातलं एखादं दिसत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- यादीत शेतकऱ्याच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.
- कापूस १२.५० क्विंटल भरला, अहवालात १२५० आला.
- वार्षिक उत्पन्न १,२५,००० लिहिलं, डेटाबेसमध्ये १ रुपया.
- विहिरींच्या रकान्यात शून्य भरलं की "हा रकाना भरणे आवश्यक आहे".
- पेरणीची तारीख १ जानेवारी १९७०. किंवा १२ जूनची पेरणी थेट ६ डिसेंबरला.
- सातबाऱ्याचा फोटो जोडला की सगळेच रकाने रिकामे असल्याची तक्रार.
- एकाच माणसाच्या दोन-तीन नोंदी.
- सेवा केंद्रातला पोरगा फोन करतो, "भाऊ, फारम जाऊनच नाही रायला," आणि तुमच्या लॅपटॉपवर तोच फॉर्म बिनतक्रार जातो.

यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, पतसंस्था आणि शाळांच्या साइट दुरुस्त करणं हे माझं काम. जूनमध्ये नोंदणीच्या वेळी आणि दिवाळीनंतर कापूस घरी आला की हेच फोन येतात. कोड वेगळ्या माणसाने लिहिलेला असतो, पण रोग तोच. सर्व्हरवरचा कोड आलेली माहिती तपासत नाही, ती 'साफ' करतो. साफ करताना आकडा किंवा नाव बदलतं आणि कुणालाच पत्ता लागत नाही. बाजार समितीच्या काट्यावर वजनाचा संशय आला तर गाडी पुन्हा काट्यावर घेतात, मनाने आकडा मांडत नाहीत. सर्व्हरनेही तेच करायचं: नोंद घ्यायची, नाहीतर कारण सांगून परत करायची.

खालची उदाहरणं पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) यांची आहेत, कारण इकडच्या स्वस्त होस्टिंगवर तेच सापडतं. तपासण्याचा क्रम बिनखर्चाच्या गोष्टींपासून अवघडाकडे.

१. समोरच्याने नेमकं काय टाइप केलं ते मिळवा

कोड उघडायच्या आधी स्क्रीनशॉट मागा. त्यासोबत तोच मजकूर व्हॉट्सअॅपवर कॉपी करून पाठवायला सांगा. तुम्ही लॅपटॉपवर इंग्रजी कीबोर्डने तपासता, तो मोबाइलवर मराठी कीबोर्डने भरतो. दोघांनी लिहिलेला 'नऊ' वाचणाऱ्याला एकच, सर्व्हरला वेगळा. पीडीएफ किंवा व्हॉट्सअॅपमधून उचललेल्या मजकुरात न दिसणारी चिन्हंही येतात, म्हणजे न तुटणारी मोकळी जागा किंवा शून्य रुंदीचं अक्षर. कडेच्या मोकळ्या जागा काढणारं पीएचपीचं साधं ट्रिम ती काढत नाही. मग "नाव तर बरोबर आहे, काऊन घेत नाही?" हा प्रश्न तासभर चालतो.

ही उदाहरणं एका फाइलमध्ये साठवत जा. पुढच्या प्रत्येक तपासणीला तीच वापरायची.

२. तीन सेटिंग बघा

यात कोडला हात लावावा लागत नाही. होस्टिंगच्या पॅनलमध्ये पीएचपीच्या सेटिंग दिसतात. एका फाइलची मर्यादा मुळात २ एमबी असते, सगळ्या फॉर्मची मिळून ८ एमबी. आजच्या मोबाइलचा एक फोटो सहज ३-४ एमबी भरतो. फोटो २ एमबीच्या वर गेला तर फक्त फोटो पडतो. सातबारा, पासबुक आणि आधार असे तीन फोटो मिळून ८ एमबी ओलांडले तर पीएचपी सगळाच फॉर्म रिकामा देते. तुमचा कोड बिचारा खरंच सांगतो की सगळे रकाने रिकामे आहेत. मर्यादा वाढवा. शिवाय कोडमध्ये एक ओळ हवी: विनंतीचा आकार शून्याहून जास्त आणि रकाने मात्र एकही नाही, तर "फोटो फार मोठे आहेत" असा संदेश द्यायचा.

तिसरी सेटिंग रकान्यांच्या संख्येची, मुळात १०००. एका पानावर साठ सभासद आणि प्रत्येकाचे वीस रकाने असले की १२०० होतात, आणि शेवटचे सभासद गळतात. पडद्यावर काही दिसत नाही. एरर लॉगमध्ये सूचना असते, पण लॉग उघडून बघतं कोण!

३. ब्राउझरची राखण काढून बघा

ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद करा, डेव्हलपर टूल्समधून रकाना सक्तीचा करणारा 'रिक्वायर्ड' हा शब्द उडवा आणि रिकामा फॉर्म पाठवा. नोंद झाली, तर तपासणी फक्त ब्राउझरमध्ये होती आणि सर्व्हर उघडा आहे. ब्राउझरमधली तपासणी भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते, तिचा संरक्षणाशी संबंध नाही. कुणीही ब्राउझर न वापरता थेट सर्व्हरला माहिती पाठवू शकतो, आणि बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) रात्रंदिवस तेच करतात.

ड्रॉपडाउनलाही हेच लागू. यादीत चारच पिकं दिली म्हणून चारातलंच एक येईल असं नाही. आलेली किंमत सर्व्हरने आपल्या यादीशी जुळवून बघायची. लपवलेल्या रकान्यात वर्गणीची रक्कम ठेवली असेल तर ती आजच तिथून काढा आणि सर्व्हरवर ठरवा.

४. शून्य

पीएचपीमध्ये 'एम्प्टी' हे फंक्शन "०" लाही रिकामं समजतं. पीएचपीच्या तयार फिल्टरचंही तसंच: पूर्णांक तपासणारं फिल्टर शून्य बरोबर आहे म्हणून शून्यच परत देतं, आणि कोड "नाही आलं" असं धरून तो नाकारतो. तपासणीत नापास झालं तरच फिल्टर 'फॉल्स' देतं, म्हणून तुलना तीन बरोबरच्या खुणांनी 'फॉल्स'शी करायची. दहा मिनिटांचं काम आहे. विहीर नसलेला कोरडवाहू शेतकरी तोवर नोंदणीबाहेर राहतो, किंवा ऑपरेटर वैतागून १ टाकतो. दुसरं जास्त वाईट.

५. आकडे

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा सावकाश घ्या.

देवनागरी आकडे पीएचपी पूर्णांकात बदलू शकत नाही, त्यांचं शून्य करते. मजा म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनला (मजकुराचा नमुना जुळवणारी सूचना) युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या खुणांची सामायिक यादी) 'यू' लावला असेल तर 'अंक' या वर्गात देवनागरी आकडेही बसतात. मग दहा आकडी मोबाइल नंबर तपासणीतून पास होतो, पुढे संख्येत बदलताना शून्य होतो, आणि नोंद यशस्वी झाल्याचा संदेश जातो. पायथनमध्ये हा घोळ होत नाही, तिथे देवनागरी नऊची संख्या नऊच होते. उपाय साधा: फॉर्म आला की पहिल्यांदा ० ते ९ हे देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलून घ्या, मग तपासा. हा बदल चालतो, कारण त्याने अर्थ बदलत नाही. कडेच्या मोकळ्या जागा काढणंही चालतं.

न चालणारा बदल असा: 'सॅनिटाइझ नंबर इंट' नावाचं फिल्टर आकडे आणि अधिक-उणे सोडून सगळं खाऊन टाकतं. त्यात दशांश चिन्हही जातं. १२.५० चे १२५० होतात ते इथे. अपूर्णांकासाठीचं फिल्टरही वेगळी परवानगी दिल्याशिवाय टिंब ठेवत नाही. कुणीतरी "सुरक्षेसाठी" म्हणून हे फिल्टर सगळ्या रकान्यांवर फिरवलेलं असतं. शोधा आणि काढा.

स्वल्पविरामाची तऱ्हा निराळी. १,२५,००० ला थेट पूर्णांक केलं की पीएचपी पहिल्या स्वल्पविरामाशी थांबते आणि १ देते. हजारांचा स्वल्पविराम चालवून घेणारी सोय फिल्टरमध्ये आहे, पण ती तीन-तीन आकड्यांचे गट मानते. १२५,००० चालतं, आपली लाखाची पद्धत नाही. म्हणून रकमेच्या रकान्यात आधी नमुना तपासा: शेवटी तीन आकडे, त्याआधी दोन-दोन. जुळलं तरच स्वल्पविराम काढा, नाहीतर परत विचारा.

कमाल मर्यादेबद्दल माझं मत: संशयास्पद आकडा नाकारू नका, पुन्हा खात्री करून घ्या. "तुम्ही १२५० क्विंटल लिहिलंय, बरोबर आहे का?" एवढं विचारलं तरी बऱ्याच चुका तिथेच मरतात.

६. नावं

नावाच्या रकान्यावर फक्त ए ते झेड चालणारी तपासणी आढळली तर आश्चर्य वाटू देऊ नका. इंटरनेटवरून उचललेल्या निम्म्या कोडमध्ये तीच असते. ती सुधारताना लोक युनिकोडचा 'अक्षर' हा वर्ग लावतात, तरी नावं अडतात. कारण मात्रा, अनुस्वार आणि हलन्त युनिकोडमध्ये अक्षर नाहीत, 'मार्क' आहेत. दोन्ही वर्ग लागतात. सोबत मोकळी जागा, टिंब, जोडरेघ आणि अपॉस्ट्रॉफीलाही परवानगी द्या. 'गोऱ्हे', 'कुऱ्हाडे' यांतला ऱ्ह काही कीबोर्ड 'र'नंतर न दिसणारं जोडचिन्ह टाकून काढतात. तेही चालू द्या, नाहीतर एकाच गावातली दोन भावंडं, एक नोंदलेला आणि एक अडलेला, असं होतं.

काही खुणा दोन पद्धतींनी साठवता येतात. नुक्ता लावलेला र आणि अखंड ऱ दिसायला सारखे असतात, पण साठवताना बाइट (साठवणीचे छोटे तुकडे) वेगळे. शोधताना जुळत नाहीत. पीएचपीच्या 'इंटल' जोडणीतलं नॉर्मलायझर वापरून साठवण्याआधी सगळं एनएफसी, म्हणजे एकाच ठरलेल्या रूपात आणा.

लांबी हा आणखी एक सापळा. 'उके' हे आडनाव घ्या. डोळ्यांना दोन अक्षरं, युनिकोडच्या हिशेबाने तीन खुणा, आणि बाइट नऊ. लांबी मोजणारं साधं स्ट्रलेन बाइट मोजतं, म्हणून "जास्तीत जास्त ३०" म्हटलं की मराठीत दहाच खुणा बसतात, 'ज्ञानेश्वर' जेमतेम बसतं, पुढे एक खूणही नाही. खुणा मोजणारं एमबी-स्ट्रलेन वापरा आणि मर्यादा सढळ ठेवा. बाइट मोजून नाव मधेच कापलं तर शेवटचं अक्षर अर्धवट राहतं. पीएचपी ८.१ च्या आधीच्या आवृत्त्यांवर असं तुटकं नाव एचटीएमएल-स्पेशल-चार्समधून (पानावर दाखवण्याआधी खास चिन्हं निरुपद्रवी करणारं फंक्शन) गेलं की अख्खं गायब होतं. रकाना रिकामा दिसतो आणि लोक डेटाबेसला शिव्या देतात.

पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हे तिन्ही सक्तीचे करू नका. आधारवर एकच नाव असलेली माणसं आपल्याकडे आहेत. त्यांनी तिथे काय भरायचं? ऑपरेटर टिंब टाकतात. तुमची तपासणी पास होते, यादीत मात्र आडनाव म्हणून टिंब.

गावाचं नाव हाताने लिहायला लावू नका. एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत असतात आणि स्पेलिंग तर विचारूच नका. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे. ड्रॉपडाउनमध्ये नाव दाखवा, साठवताना कोड साठवा.

७. सातबारा, बँक, आधार

गट क्रमांक ही संख्या नाही. ४५/१/अ, १२/२ब असे येतात. मजकूर म्हणून ठेवा, आणि एक्सेलमध्ये उतरवताना जपा, कारण तिथे १२/२ ची तारीख होते. क्षेत्रासाठी हेक्टर आणि आर असे दोन रकाने द्या, आरमध्ये ० ते ९९ एवढंच चालू द्या. एकाच रकान्यात "क्षेत्र" विचारलं की कुणी ०.८० लिहितो, कुणी २. दोघंही बरोबर, कारण ८० आर म्हणजे जवळपास दोन एकर.

बँक शाखेचा आयएफएससी कोड ११ खुणांचा: चार अक्षरं, पाचव्या जागी शून्य, मग सहा. पाचव्या जागी इंग्रजी 'ओ' टाइप होतो, ही नेहमीची चूक. संदेशात तेच लिहा: "पाचव्या जागी शून्य असतो". खाते क्रमांक मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर सुरुवातीचे शून्य उडतात. तो दोनदा भरून घ्या.

आधार हवाच का, हे संस्थेला आधी विचारा. बहुतेकदा उत्तर नाही असतं, आणि न घेतलेली माहिती गळत नाही. हवाच असेल तर १२ आकडे, पहिला ० किंवा १ नसतो, आणि शेवटचा वेरहॉफ पद्धतीने काढलेला तपासणी अंक असतो. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तर ती पद्धत पकडते. नंबर त्याच माणसाचा आहे का, हे मात्र ती सांगू शकत नाही.

८. तारखा

तिरपी रेघ असलेली तारीख पीएचपीचं तारीख वाचणारं स्ट्र-टू-टाइम अमेरिकी पद्धतीने वाचतं, महिना आधी. आडवी रेघ असली तर दिवस आधी. म्हणून १२/०६ डिसेंबरात जाते, आणि २५/०६ वाचताच न आल्याने पुढे १९७० होते. नमुना स्वतः ठरवून वाचा आणि तारीख खरी आहे का ते बघणारं चेकडेट लावा, नाहीतर ३१ फेब्रुवारीचा ३ मार्च होतो.

९. प्रश्नचिन्हं

डेटाबेसचं टेबल, जोडणी आणि पान या तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) हवं. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी 'यूटीएफ-८ एमबी-४' निवडा. तिथलं नुसतं 'यूटीएफ-८' मराठी घेतं, इमोजी घेत नाही. आवृत्ती ८.० च्या आधी मूळ निवड लॅटिन-१ होती, त्यात मराठी बसत नाही, आणि जुनी टेबलं अजून तशीच असतात.

नव्या नोंदी सुधारणं सोपं. जुन्यांचं काय, ते कशी दिसतात त्यावर. प्रश्नचिन्हं असतील तर मूळ मजकूर गेला, कागदी फॉर्म शोधा. टोप्या घातलेली लॅटिन अक्षरं दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला जातोय. तिथे घाईने टेबलची पद्धत बदलू नका. चालू डेटावर एक चुकीचा आदेश गेला की वाचण्यासारखा मजकूरही हातचा जातो.

१०. अवतरणचिन्ह आणि कोन कंस

साइटच्या चाचणी प्रतीवर, चालू साइटवर नाही, नावाच्या रकान्यात एकच अवतरणचिन्ह टाकून पाठवा. डेटाबेसचा एरर दिसला तर मजकूर थेट क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आदेशात) चिकटवला जातोय, म्हणजे कुणीही तुमची सगळी यादी वाचू किंवा पुसू शकतो. उपाय एकच: पीडीओचं (पीएचपीची डेटाबेस जोडणी) प्रिपेअर्ड स्टेटमेंट, ज्यात मजकूर आदेशापासून वेगळा जातो, प्रत्येक क्वेरीला. कोणत्या रकान्याने क्रम लावायचा, अशी नावं त्यात बांधता येत नाहीत, ती ठरलेल्या यादीतूनच घ्या. अवतरणचिन्हाआधी तिरप्या रेघा घालणारे जुने उपाय विसरा. तेच आपोआप करणारे मॅजिक कोट्स पीएचपीने २०१२ मध्येच, ५.४ आवृत्तीत काढून टाकले.

दाखवताना एचटीएमएल-स्पेशल-चार्स लावा, साठवताना नाही. साठवतानाच लावलं की एसएमएसमध्ये आणि छापील यादीत 'अँड'च्या खुणेपुढे 'एएमपी' उमटतं. टॅग काढणारी फंक्शनंही नकोत. "पाऊस <५० मिमी" या शेऱ्यातलं कोन कंसापासून पुढचं सगळं ती खातात. तसंच करणारं 'सॅनिटाइझ स्ट्रिंग' फिल्टर ८.१ पासून वापरू नये असं पीएचपीच म्हणते.

दुहेरी नोंदींचं कारण बहुतेकदा नेटवर्क असतं. पान फिरत राहतं, माणूस पुन्हा बटण दाबतो. प्रत्येक फॉर्मला एकदाच चालणारं टोकन (लपवलेला खूण-क्रमांक) द्या, डेटाबेसमध्ये युनिक निर्बंध (तीच नोंद दुसऱ्यांदा न घेण्याचा नियम) लावा, आणि नोंद झाल्यावर दुसऱ्या पानावर पाठवा. चूक निघाली तर भरलेलं सगळं जसंच्या तसं परत दाखवा. एका आकड्यासाठी चाळीस रकाने पुन्हा भरायला लावले की ऑपरेटर खरं भरणंच सोडतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

अपलोडच्या फोल्डरमध्ये तुम्ही न टाकलेल्या पीएचपी फाइल दिसल्या, साइट उघडली की सट्ट्याच्या पानावर जाते, प्रशासकांच्या यादीत अनोळखी नाव आहे, किंवा अवतरणचिन्हाच्या चाचणीत चालू साइट पडली असेल, तर स्वतः काही पुसू नका. पुरावा जातो आणि दार उघडंच राहतं. साइट देखभालीच्या पानावर न्या, पासवर्ड बदला, लॉगची प्रत काढा. आधार किंवा बँक खाती गळल्याची शंका असेल तर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी कळवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात. कुणाचे पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

क्वेरी शंभर ठिकाणी चिकटवलेल्या असतील, किंवा टोप्यांची अक्षरं परत मराठीत आणायची असतील, तरीही थांबा. हे काम पैसे देऊन करून घ्यायचं आहे, आणि तसं संस्थेला स्पष्ट सांगा.

येणाऱ्यासाठी तयार ठेवा: फाइल आणि डेटाबेसचा ताजा बॅकअप, पीएचपी आणि मायएसक्यूएलची आवृत्ती, एरर लॉग, आणि पहिल्या पायरीत साठवलेली अडणाऱ्या नोंदींची फाइल, खरी नावं आणि नंबर बदलून. डेटाबेसचा मुख्य पासवर्ड व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. त्याच्यासाठी वेगळा युजर काढा आणि काम झालं की बंद करा.